शिवेच्या दिवट्याची पूर्वकथा कुठे लिहावी?

ऑनलाइन रोलप्लेच्या, म्हणजे पात्र घेऊन लिहून खेळायच्या खेळाच्या, बहुतेक सर्व्हरवर एखादी भूमिका राखीव असते. जागा एकच, आणि तीही मॉडने, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्याने, अर्ज वाचून द्यायची. कुठे ती मेलेल्यांशी बोलणाऱ्या बाईची असते, कुठे शेवटच्या जादूगाराची. गोव्याच्या मातीत मांडलेल्या खेळात ती बहुधा देवचाराच्या आसपास फिरते. हातात दांडा, खांद्यावर कांबळ, पायात वहाणा आणि रात्रभर गावाच्या शिवेवर फेरी, हा राखणदार इथल्या पोराटोरांना आजीकडून ऐकून माहीत असतो. त्याच्यापुढे दिवटी धरून चालणारा गावातला एकमेव माणूस, म्हणजे शिवेचा दिवट्या, ही भूमिका कोणालाही हवीशी वाटेल. अर्ज मात्र एकाच दगडाला ठेचकाळतात: बॅकस्टोरी खरी वाटत नाही.

या परीक्षणात तीन साधने घेतली आहेत: गूगल डॉक्स, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवरचे फोरम चॅनेल आणि तिथलाच टपरबॉक्स हा बॉट. तिन्ही पैसे न भरता वापरता येतात. दुर्मिळ भूमिकेची पूर्वकथा मॉडच्या प्रश्नांपुढे टिकेल इतकी पक्की करायला कोणते साधन कुठवर कामाला येते, एवढेच पाहायचे आहे. कॅरेक्टरची पाने सजवून देणाऱ्या साइट्स मुद्दाम बाहेर ठेवल्या आहेत. तिथे डोळ्यांचा रंग आणि आवडते शस्त्र भरायला रकाने असतात; ही शक्ती याच माणसाकडे का, हे विचारणारा रकाना क्वचितच सापडतो.

नमुन्यासाठी घेतलेले गाव काल्पनिक आहे, पण बेतलेले आहे सांगे तालुक्यातल्या कुर्डीवर. कुर्डी साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. माणसे पुनर्वसन वसाहतींत गेली, तिथले जुने महादेवाचे देऊळ दगड न दगड हलवून धरणाजवळ उभे केले गेले. दर वर्षी मे महिन्यात पाणी उतरते तेव्हा घरांची जोती आणि जुन्या वाटा उघड्या पडतात आणि गावकरी तिथे जमतात. ज्या शिवेची राखण करायची तीच वर्षातला बहुतेक काळ पाण्याखाली, मग दिवट्याने करायचे काय? हा प्रश्न हाताशी असला की अर्धी पूर्वकथा लिहून झाली म्हणायची. दिवट्या एकटाच का, याचेही उत्तर त्यातच आहे. बाकीच्यांनी दिवटी टाकून दिली. हा निवडलेला नाही, उरलेला आहे.

आता गूगल डॉक्स. कोरे पान उघडल्यावर पहिली चूक होते ती जन्मापासून लिहीत सुटण्याची. सहाशे शब्द पुरे, आणि ते चार मथळ्यांत वाटून घ्यावेत. ‘आधी’ला दोनशे, ‘घटना’ला शंभर, ‘किंमत’ला सव्वाशे आणि ‘आता’ला उरलेले पावणेदोनशे. मथळ्यांना हेडिंगची शैली लावली की डाव्या बाजूला त्यांची यादी दिसते आणि कोणता भाग फुगला ते लगेच कळते. जवळजवळ नेहमी फुगतो तो ‘घटना’. जादू फक्त तिथेच येऊ द्यावी. पहिल्या दोनशे शब्दांत दैवी काही नको: माणूस कुठल्या घरचा, काय काम करतो, कोणाचे देणे लागतो, घरात कोणाशी बोलत नाही. वाचणाऱ्याचा विष्णूवर, म्हणजे नमुन्यातल्या दिवट्यावर, विश्वास बसला तर विष्णूच्या देवचारावर बसतो, आधी नाही.

नेहमीचा मसुदा असा असतो:

‘लहानपणापासूनच विष्णूमध्ये एक गूढ शक्ती होती. देवचाराने त्याला निवडले होते आणि गावाचे भविष्य त्याच्या हातात होते.’

तोच विष्णू, तेवढ्याच जागेत:

‘दिवटी धरायची पाळी तीन घरांची. गाव हलवले तेव्हा एक घर मडगावला गेले, एक मुंबईला. विष्णूच्या बापाने दिवटी वसाहतीतल्या नव्या घराच्या माळ्यावर टाकली आणि पुरुमेताला आणलेली कांद्यांची माळ तिच्या दांड्याला अडकवली.’

दुसऱ्या उताऱ्यात जादूचा एक शब्द नाही. तरी माळ्यावरच्या त्या दांड्याचे पुढे काहीतरी होणार हे कळते, आणि मडगाव-मुंबईची दोन घरे दुसऱ्या खेळाडूंना आयती सापडतात.

डॉक्सचा खरा उपयोग लिहिण्यात नाही, हरकती घेण्यात आहे. शेअर करताना मित्राला एडिटरचा हक्क देऊ नये. कमेंटरचा द्यावा. एडिटरचा दिला की तो वाक्ये ‘सुधारतो’ आणि चार दिवसांनी विष्णूच्या तोंडी मित्राची भाषा येते. कमेंटरचा हक्क असला की त्याला विचारावेच लागते. त्याने मॉडच्या भूमिकेत शिरून निदान दहा शंका काढाव्यात, आणि त्या बारीक असाव्यात. दिवटीला तेल कोणते? उंडीचे. ते आता मिळते कुठे? चिंधी कसली? आजोबांच्या जुन्या पुडव्याची, म्हणजे धोतराची. पुडवे संपल्यावर काय? हा शेवटचा प्रश्न सोन्यासारखा, कारण त्यातून शक्तीला मर्यादा मिळते: उरलेले कापड दोन हातभर, म्हणजे फेऱ्या मोजक्याच.

इथे एक खाच आहे. शंकेला उत्तर कमेंटच्या धाग्यातच देऊन रिझॉल्व्ह दाबले की तो धागा पानावरून नाहीसा होतो आणि उत्तर मजकुरात कधी येतच नाही. लेखकाला वाटते सगळे स्पष्ट आहे, मॉडला काहीच दिसत नाही. त्यामुळे नियमच करावा: आधी मजकुरात एक वाक्य घालायचे किंवा एक खोडायचे, मगच रिझॉल्व्ह. बहुतेक शंकांवर खोडणेच बरे.

साक्षीदार तीन ठेवावेत. एक विश्वास ठेवणारा, एक न ठेवणारा आणि एक असा की ज्याला ही गोष्ट खोटी ठरली तर फायदा आहे. नमुन्यात तिसरा माणूस भाटकाराचा, म्हणजे जमीनदाराचा, नातू आहे. जुनी शीव कुठून जात होती हे फक्त दिवट्याला माहीत, आणि पाण्याबाहेर राहिलेल्या काजूच्या भाटाची मालकी त्यावरच ठरते. देवचाराची गोष्ट जमिनीच्या भांडणाला जाऊन भिडली की गोव्यातल्या वाचकाला आणखी काही पटवावे लागत नाही.

‘किंमत’ या भागात लोक सर्रास फसतात. ‘शक्ती वापरली की थकवा येतो’ ही किंमत नव्हे, दोन वाक्यांत थकवा उतरतो. किंमत अशी हवी की दुसरा खेळाडू ती खेळात वापरू शकेल. आपल्याकडे त्यासाठी चकवा आयताच आहे. दिवेलागणीनंतर दुसऱ्या गावची शीव ओलांडायची तर विष्णूने त्या गावच्या राखणदारापुढे पानाचा विडा ठेवून गाऱ्हाणे घातले पाहिजे. विसरला की चकवा लागतो आणि उजाडेपर्यंत तो त्याच शेताभोवती फिरत राहतो. आता त्याला अडकवायचे असेल त्याने फक्त विडा चोरायचा. नियम एका ओळीत सांगता येतो, मोडला तर काय होते ते ठरलेले आहे आणि कधी लागू होतो ते घड्याळावर दिसते. या तिन्हीतले एक जरी निसटले तर मॉडला दर खेपेला निवाडा करत बसावे लागते, आणि तो पुढच्या वेळी अशी भूमिका कोणाला देत नाही.

सालांसाठी डॉक्समध्ये वेगळा तक्ता करावा: वर्ष, पात्राचे वय, बाहेर काय चालले होते. हा तक्ता अर्जात जात नाही, फक्त ताळा पाहायला. गोव्यात मांडलेल्या पूर्वकथा सर्वाधिक इथे उघड्या पडतात. आजोबांच्या १९५० सालच्या प्रसंगात सरपंच येतो. गोव्यात पंचायती आल्या १९६१च्या मुक्तीनंतर, त्याआधी गावात रेजिदोर, म्हणजे पोर्तुगीज अमलातला गावचा अधिकारी, असायचा. त्याच आजोबांच्या कनवटीला नवे पैसे असतात. तेव्हा चालायचे रुपये आणि टांगा, सोळा टांगांचा रुपया, आणि त्या दशकाच्या अखेरीस एस्कुदो. मुंडकाराला (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याला) घरातून काढल्याचा प्रसंग घालायचा असेल तर तो १९७५च्या मुंडकार कायद्याच्या आधीचा की नंतरचा हे ठरवावे. आधीचा असेल तर भाटकाराचा एक शब्द पुरतो, नंतरचा असेल तर कागद आणि कचेरी कथेत आणावी लागते.

तालुकाही तपासावा. ‘सासष्टीतल्या देवळात पाचशे वर्षे अखंड चाललेली दिवटी’ हे वाक्य जाणत्या माणसाला पहिल्याच वाचनात खटकेल. सोळाव्या शतकात तिथली देवळे पाडली गेली आणि देव झुआरीपार न्यावे लागले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. सासष्टीचेच घर हवे असेल तर ती नदीची रात्र पूर्वकथेत घ्यावी, फुकटात उत्तम प्रसंग मिळतो. अखंड परंपराच हवी असेल तर सांगे, सत्तरी, पेडणे अशा नव्या काबिजादीतला तालुका निवडावा. पोर्तुगीज तिथे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोचले.

खऱ्या गावातल्या खऱ्या मानकऱ्यांना मात्र हात लावू नये. साळ गावच्या ‘गडे’ उत्सवासारख्या रूढी आजही पाळल्या जातात, त्यात उतरणारी माणसे शेजारीपाजारी राहतात. रूढीचा आकार घ्यावा. गावाचे, घराण्याचे आणि देवस्थानाचे नाव बदलावे. हे नुसते सौजन्य नाही. खरे नाव घातले की वाचणारा गोष्ट सोडून चुका शोधू लागतो.

डॉक्सची व्हर्जन हिस्टरी चांगली आहे, पण ‘मॉडच्या प्रश्नांआधी’ आणि ‘प्रश्नांनंतर’ अशी नावे आपण स्वतः दिली तरच. नाही तर नुसत्या तारखा आणि वेळा दिसतात. कमेंटरला ही हिस्टरी दिसत नाही, ती फक्त एडिटरला दिसते. मराठी व्हॉइस टायपिंग बऱ्यापैकी चालते. विरामचिन्हे मात्र हाताने घालावी लागतात आणि ‘दिवट्या’, ‘जोते’ असले शब्द एकदा तपासावे लागतात. जूनच्या पहिल्या वादळात वीज जाते तेव्हा क्रोममध्ये ऑफलाइनची सोय आधीच चालू करून ठेवलेली असेल तरच फाइल हाताशी राहते. आणि रोजच्या मेलवरून लिंक शेअर केली तर समोरच्याला आपले खरे नाव आणि मेलचा पत्ता दिसू शकतो, म्हणून रोलप्लेसाठी वेगळे खाते काढावे. एवढे सांभाळले तर लिहिण्यासाठी याहून चांगले साधन शोधायची गरज नाही. पाचात साडेचार.

चॅटबॉटकडून पूर्वकथा लिहून घेणाऱ्यांसाठी तीनच वाक्ये. तो अनाथ मुलगा, भविष्यवाणी आणि जळालेले गाव देतो. धरणाखाली गेलेले गाव आणि कांद्यांची माळ तुम्ही सांगितल्याशिवाय देत नाही. सांगणारच असाल तर स्वतःच लिहा.

अर्ज टाकायचा तो बहुधा डिस्कॉर्डच्या फोरम चॅनेलवर. प्रत्येक अर्जाची वेगळी पोस्ट, तिच्या खाली चर्चा. पोस्टचे शीर्षक शंभर अक्षरांत बसवावे लागते. एका चॅनेलला वीस टॅग असतात, एका पोस्टला पाच लावता येतात. मॉडने ‘प्रश्न बाकी’, ‘दुरुस्ती’, ‘मंजूर’ असे तीन टॅग केले की काम भागते. पंधरा टॅगांचा बाजार मांडलेल्या सर्व्हरवर आपला अर्ज कुठे अडकला हे कोणालाच सांगता येत नाही.

मराठीत लिहिणाऱ्याला खरी अडचण येते ती दोन हजारांच्या मर्यादेत. साध्या खात्यावर एका संदेशात दोन हजार अक्षरे बसतात, पैसे भरून नायट्रो घेतले तर चार हजार. ही मोजणी युनिकोडची. मात्रा, वेलांटी आणि हलन्त प्रत्येकी वेगळे मोजले जातात. ‘पूर्वकथा’ डोळ्यांना चार अक्षरांची दिसते, मोजणीत आठ भरतात. त्यामुळे दोन हजारांत मराठीचे सुमारे तीनशे शब्द बसतात आणि सहाशे शब्दांच्या पूर्वकथेला दोन संदेश लागतात. कुठे तोडायची हे आधी ठरवावे. पहिल्या संदेशात ‘आधी’ आणि ‘घटना’, दुसऱ्यात ‘किंमत’ आणि ‘आता’. पहिला संदेश एकटा वाचला तरी माणूस उभा राहिला पाहिजे, कारण घाईत असलेला मॉड तेवढाच वाचून मत बनवतो. नायट्रो केवळ यासाठी घेऊ नये. तीनशे शब्दांचा धाक पूर्वकथेला मानवतो.

गुपिते लपवायला काही जण स्पॉयलरची काळी पट्टी वापरतात. ती एका क्लिकवर उघडते. कुलूप नव्हे, पडदा आहे. भाटकाराच्या नातवाची भूमिका करणाऱ्याने तो पडदा सारला की त्याच्या पात्राला जे माहीत नसायला हवे ते खेळाडूला माहीत होते. पुढचे महिनाभर तो नकळत त्यावर खेळतो, आणि मग मेटागेमिंगची भांडणे. गुपित मॉडला खासगीत किंवा वेगळ्या डॉक्समध्ये द्यावे. अर्जात एकच ओळ: ‘शिवेबद्दलची एक गोष्ट मॉडकडे दिली आहे’.

फोरममधली पोस्ट शांत राहिली की ठरलेल्या मुदतीनंतर मागे पडते. ही मुदत एका तासापासून एका आठवड्यापर्यंत मॉडला निवडता येते. एक तास ठेवलेल्या चॅनेलवर रात्री टाकलेला अर्ज सकाळी जुन्यांच्या ढिगात जाऊन बसलेला असतो. मग लोक ‘कोणी बघेल का’ म्हणून खाली लिहीत राहतात आणि अर्जाखाली वीस बिनकामाचे संदेश साचतात. अर्जाच्या चॅनेलला एक आठवडाच हवा. अर्ज घ्यायला डिस्कॉर्ड ठीक. तिथेच बसून लिहायला गैरसोयीचे, कारण खुणांसकट हरकती घ्यायची सोय नाही. पाचात तीन.

भूमिका मिळाल्यावर टपरबॉक्स. तुम्ही ठरवलेल्या खुणेने सुरू होणारा संदेश बॉट पुसतो आणि तोच मजकूर पात्राच्या नावाने आणि चित्रासह पुन्हा टाकतो. त्यासाठी सर्व्हरवर बॉटला संदेश आणि वेबहुक (दुसऱ्या नावाने संदेश टाकायची सोय) हाताळायची परवानगी लागते. बॉट मुका बसला तर आधी तेच तपासावे. खूण अशी निवडावी की ती सहज टाइप होईल पण बोलण्यात चुकून येणार नाही. नुसता डॅश ठेवला तर बाजारहाटाची यादीही विष्णूच्या नावाने पडते. ‘दि:’ सारखी खूण पुरते. नाव ऐंशी अक्षरांच्या आत ठेवावे. ‘शिवेचा दिवट्या विष्णू, तिसऱ्या पाळीचा’ एवढे लांबण लावूच नये.

दोन त्रास लक्षात ठेवायचे. पुन्हा टाकलेला संदेश तुमचा नसतो, वेबहुकचा असतो, म्हणून नेहमीच्या पेन्सिलीने दुरुस्त होत नाही, बॉटच्या आज्ञेने करावा लागतो. आणि वेबहुकला खरे उत्तर देता येत नाही. उत्तराचा आभास बॉट निर्माण करतो. दाटीच्या प्रसंगात कोण कोणाला बोलले ते हरवते, तेव्हा वाक्यातच नाव घ्यावे.

सगळ्यांत मोठी चूक तांत्रिक नाही. टपरबॉक्समध्ये एकाच खात्यावर अनेक पात्रे नोंदवता येतात, म्हणून दिवट्या घेतलेला खेळाडू देवचारही नोंदवतो. मग गाऱ्हाणे घालणारा तोच आणि कौल देणाराही तोच. मागितले ते मिळते, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी गॉडमोडिंगची, म्हणजे सगळे आपल्याच हाती ठेवल्याची, तक्रार करतो. ती रास्तच असते. देवचाराचा आवाज मॉडच्या हाती द्यावा आणि अर्जात तसे आपण होऊन लिहावे. मंजुरीला याने जितका जोर येतो तितका वंशावळीने येत नाही. मॉडला वेळ नसेल तर फुलांच्या कौलासारखे (देवाला लावलेले फूल कोणत्या बाजूला पडते ते पाहून उत्तर घेतात तसे) करावे: प्रश्न आधी सगळ्यांसमोर मांडायचा, उजवे पडले तर काय आणि डावे पडले तर काय हेही आधीच लिहायचे, आणि मग फासा तिसऱ्याच खेळाडूने टाकायचा. डावा कौल आला की विष्णूने दिवटी विझवून घरी जायचे, विडा ठेवलेला असला तरी.

टपरबॉक्सला पाचात चार. एक गुण कापला तो दुरुस्तीच्या कटकटीसाठी.